कदमकाकू शांत झाल्या तेव्हा

कदमकाकूंना माझं नाव माहीत होतं, पण त्या ते कधी वापरायच्या नाहीत. त्या मला ‘पाचशे’ म्हणायच्या. आमच्या गच्चीवरची टाकी पाचशे लिटरची, म्हणून. समोरच्या पवारकाकू ‘दोन हजार’, कोपऱ्यावरचे वकीलसाहेब ‘हजार, ती बी गळकी’. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत कोण काय शिकलंय, कोण कुठे नोकरीला आहे, हे सगळं काकूंच्या लेखी नंतर. आधी टाकी.

“ए पाचशे, आईला सांग, मोटर बघून ठेव म्हणावं. आज पाणी यायचं वाटायलंय.”

मी मान हलवायचे. मी ज्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत शिकले तिथे मोठ्याने बोललं की डायरीत शेरा यायचा, त्यामुळे मान हलवणं मला चांगलं जमतं. काकूंना ते मुळीच मंजूर नव्हतं. “तोंड हाय ना? मग व्हय म्हण की!” मी हळूच ‘हो’ म्हणायचे. तोवर त्या चार घरं पुढे गेलेल्या असायच्या.

आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. कधी त्याहून उशिरा. वेळ लाईनमनच्या मनावर. आलं की तासभर राहणार, तेवढ्यात मोटर लावून जे चढेल ते आपलं. गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर ‘पाणी आले आहे’ असा निरोपही येतो, पण तो वाचेपर्यंत निम्मं पाणी गेलेलं असतं. खरा निरोप काकूंचा. त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी आणि सगळ्यात उतारावर, त्यामुळे पाणी आधी त्यांच्या नळाला. ती तोटी त्या कायम उघडी ठेवायच्या आणि खाली स्टीलचं ताट पालथं घालायच्या. पाण्याआधी नळातून हवा फुसफुसते. ती फुसफुस काकूंना मागच्या खोलीतून, टीव्ही चालू असताना, फोडणी तडतडत असतानाही ऐकू यायची. ताटाचा उपयोग नुसता खात्रीपुरता. मग हातात जे असेल ते घेऊन, बहुतेक वेळा उलथनं, त्या रस्त्यावर.

“पाणीऽऽ! पाणी आलं होऽऽ! दोन हजार, उठा! वकील, गळकी लावा! पाचशेऽऽ!”

उलथनं प्रत्येक फाटकावर एकदा वाजायचं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी अख्खी गल्ली त्या दोन मिनिटांत उरकायच्या. पवारकाकूंच्या फाटकावर मात्र तीनदा वाजवायच्या, कारण पवारकाकू जाग्या असल्या तरी कदमकाकूंच्या हाकेला बाहेर यायचं नाही असा त्यांचा नेम होता.

या दोघींचं भांडण हे आमच्या गल्लीतलं सगळ्यात जुनं चालू काम. मूळ कारण बहुधा कुरडया. कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कुरडया कुणाच्या तरी पाहुण्यांच्या गाडीखाली गेल्या होत्या. कुरडया कुणाच्या आणि गाडी कुणाची, हे आता दोघींनाही नक्की सांगता येत नव्हतं. पण रोज सकाळी पवारकाकू फाटकाच्या आतून एक वाक्य टाकायच्या आणि ते पुरं व्हायच्या आत कदमकाकूंचं उत्तर यायचं.

“काही लोकांनी लहानपणी भोंगा गिळलाय.”

“अन् काही लोकायला भोंगा वाजला तरी जाग येत नाय!”

मग दोघी समाधानाने आत जायच्या.

काकू मूळच्या फर्दापूरच्या. अजिंठ्याची लेणी बघायला देशोदेशीचे लोक यायचे, त्यांच्यातच त्या वाढल्या. त्यामुळे माझ्या इंग्रजीचा त्यांच्यावर काहीही परिणाम झाला नव्हता. “आमच्या फर्दापुरात शेंगा इकणारा बी इंग्लिश बोलतो. अन् तू एवढी शिकून गप्प!” नवरा वारून बरीच वर्षं झाली होती, तरी दोन्ही हातांत डझन डझन काचेच्या बांगड्या. एकदा कुणीतरी त्यावरून हटकलं, तर म्हणाल्या, “नवरा गेला. हात इथंच हायेत.”

अशा बाई शांत झाल्या.

सुरुवात स्वेटरने झाली. एप्रिल संपत आला होता, घराघरांत कूलर घरघरत होते आणि काकू ओट्यावर मरून रंगाचा स्वेटर घालून बसल्या होत्या. “हवा गार सुटलीय,” म्हणाल्या. हवा अशी होती की सकाळी दहाला स्कूटीच्या सीटवर बसवत नव्हतं. आईने विचारलं, “ताप आहे का?” तर काकूंनी नुसतं बघितलं, आणि आई भाजी निवडून आत गेल्यावर, रिकाम्या जागेकडे बघून म्हणाल्या, “नाय.”

मग आवाज. बसल्यासारखा, जाड, खर्जातला झाला. गॅस सिलिंडरवाल्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. तो म्हणाला, “काका, जरा काकूंना द्या.” काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “बोल, काकूच हाय.” तो म्हणाला, “आवाज सारखाच हाय की दोघांचा!”

पहिली तक्रार मात्र पवारकाकूंची आली. त्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि आईला म्हणाल्या, “अहो, काल सकाळी मी तिला म्हणलं, तुमचा ओटा बघा, कसा कळकट झालाय. काही बोलली नाही. नुसती बघायली. आज दूध घ्यायला गेले तर म्हणती, ‘तुहाच कळकट.’ चोवीस तासांनी! मी काय बोलले होते तेच मला आठवंना. असं कुणी भांडतं का?”

“वय झालं हो,” आई म्हणाली.

“वय माझंबी झालंय! मी वेळेवर भांडते की नाही?”

पण बाकीच्या गल्लीला ही काळजीची गोष्ट वाटली नाही. उलट सगळे खूश होते. काकू आता कुणाला टाकीवरून बोलत नव्हत्या. दुपारी स्पीकर लावला तरी येत नव्हत्या. वकीलसाहेब म्हणाले, “काही माणसांना उतारवयात एकदम स्थिरता येते.” कुणी म्हणालं, पोथी लावली असेल. कुणी म्हणालं, मौन धरलंय.

त्यातून पुढचा सगळा घोळ झाला. मागच्या आळीतल्या एक बाई मुलीचं लग्न जमत नाही म्हणून रडत होत्या. काकू समोर बसलेल्या. बाईंनी विचारलं, “काकू, जमेल का हो?” काकू त्यांच्याकडे दोन मिनिटं टक लावून बघत राहिल्या. मी पलीकडच्या पायरीवर होते, आणि माझी खात्री आहे की त्या प्रश्न विसरल्या होत्या. शेवटी त्या खर्जातल्या आवाजात एकच शब्द आला. “व्हईल.”

आठ दिवसांत लग्न जमलं.

पुढच्या गुरुवारी काकूंच्या ओट्यावर तीन बायका बसलेल्या. एकीला बदली हवी होती, एकीला सून बोलत नव्हती, तिसरी नुसती बघायला आली होती. काकू प्रत्येकीकडे तसंच बघायच्या, अधूनमधून डोळे मिटायचे, आणि मग ‘व्हईल’, नाहीतर ‘बघू’. डोळे मिटले की बायका हात जोडायच्या. मला दिसत होतं, काकूंना डुलकी लागत होती. मान कलली की त्या दचकून जाग्या व्हायच्या आणि समोरच्या बाईला वाटायचं, संकेत झाला. केळी आणि पेढे यायला लागले. केळी काकूंना हवीच होती. पोट साफ होत नाही, असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, अगदी हळू आवाजात. पहिल्यांदाच त्या माझ्याशी हळू आवाजात काही बोलल्या होत्या.

मला आणखीही काही काही दिसत होतं. चेहरा भरून आल्यासारखा, डोळ्यांखाली फुगलेला. भुवया बाहेरच्या टोकांना विरळ होत होत संपलेल्या. टाचा आणि कोपरं पांढुरकी, कोरडी. बशीतला चहा पूर्वी तीन घोटांत जायचा, आता त्यावर साय धरायची. मी रोज कामाला जाताना हे बघत होते आणि कुणालाच सांगत नव्हते. मोठ्या माणसाच्या भुवयांबद्दल बोलायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

जूनमध्ये पाणी चुकलं.

सकाळी दहा वाजता नळ फुसफुसला असणार, ताटही वाजलं असणार. काकू दारातल्या खुर्चीत, स्वेटर घालून, ताटापासून चार हातांवर झोपलेल्या होत्या. पाणी त्यांच्या पायाखालून गटारात गेलं. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं तेव्हा नळ सुकले होते. अख्ख्या गल्लीच्या टाक्या खडखडीत. पवारकाकूंचे दोन हजारसुद्धा. आठवडाभर टँकर. आणि ज्या बायका केळी आणत होत्या त्यांच्यातलीच एक म्हणाली, “म्हातारी कामातनं गेली.”

ही बातमी संतोषदादापर्यंत गेली. संतोषदादा हा काकूंचा एकुलता एक मुलगा, वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर, बायको-मुलांसह बजाजनगरला राहायचा. दर रविवारी यायचा. त्या रविवारी तो आला तेव्हा गॅसवर दूध जळून पातेलं काळं झालं होतं आणि काकू शेजारच्याच खोलीत बसल्या होत्या. त्याने घरभरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मग आमच्याकडे येऊन बाबांशी बोलला. बिचारा खरंच घाबरला होता.

“काका, आई विसरायला लागलीय. वाक्य सुरू करते अन् सोडून देते. एकटी कशी ठेवू? उद्या काही झालं तर लोक माझ्याच तोंडात शेण घालतील. घर भाड्यानं देतो अन् तिला बजाजनगरला नेतो.”

पुढच्या रविवारी फाटकावर पाटी लागली. ‘घर भाड्याने देणे आहे.’ काकू ती पाटी लावताना बघत होत्या. मला वाटलं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. संतोषदादा हातोडी ठेवून, हात धुऊन, चहा पिऊन गाडीला किक मारत होता, तेव्हा काकूंचं उत्तर आलं.

“महं घर हाय.”

गाडीच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही. मला गेलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायलाही त्यांना वेळ लागत होता. या घराच्या विटांना त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात स्वतः पाणी मारलं होतं. हे त्या पूर्वी गल्लीला दर महिन्याला एकदा तरी ऐकवायच्या.

जुलैत शमीमआपा आल्या. शमीमआपा बांगड्या विकतात. टोपली घेऊन दोन-तीन महिन्यांनी गल्लीत येतात आणि पहिलं घर कदमकाकूंचं. काकूंनी त्या दिवशी दोन्ही हात पुढे केले. “भर. बजाजनगरला तू यायची नाय.”

आपांनी हात धरला आणि थांबल्या. “काकू, ये हाथ किसका है?”

“महाच हाय.”

“मजाक नक्को करो. तुम दो-चार का साइज पहनते. चालीस बरस से मैं पहनारी.” त्यांनी दोन-सहा मापाची बांगडी घालून बघितली, मग दोन-आठची. ती अंगठ्याच्या हाडाशी अडली. आपांनी बांगडी बाजूला ठेवली आणि मनगट अंगठ्याने दाबलं. सोडलं. दुसरीकडे दाबलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “देख बेटी. पानी की सूजन होती तो गड्ढा पड़ता. ये रबर सरीका वापस आरा. और चमड़ी देख, सूखा पापड़. ऊपर से स्वेटर. आवाज कबसे ऐसी है?”

काकू विचार करत होत्या. मी म्हणाले, “मेपासून.”

“मेरी सास का ऐसाच हुआ था. सब बोले बुढ़ापा है, बैठने दो. फिर गले की बीमारी निकली, थायरॉइड. गोली पे ठीक हो गई, और फिर मेरेकू इत्ता सताई के पूछ मत.” आपांनी टोपलीवर फडकं टाकलं. “चूड़ियां नक्को अब्बी. पहले खून टेस्ट कराओ. बुढ़ापा बाद में देखेंगे.”

समोरच्या खिडकीत पवारकाकू होत्या. त्या चप्पल घालून बाहेर आल्या. “मी नेते हिला डॉक्टरकडं. बजाजनगरला गेली तर मी भांडू कुणाशी? आणि ही पाचशेची पोरगी बरोबर घ्या, तिथं सगळं इंग्लिशमध्ये लिहितात.”

अशा रीतीने मी गेले. रिक्षात मी मधे, दोघी दोन बाजूंना.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, घाईत नसलेल्या. त्यांनी विचारलं, “काय त्रास होतो, आजी?”

काकूंनी बराच वेळ घेतला. “काहीच नाय.”

“काहीच नाही कसं!” पवारकाकू उसळल्या. “माझ्याशी धड भांडत नाही! उत्तर दुसऱ्या दिवशी येतं!”

“तुम्ही यांच्या कोण?”

“समोरची.”

“थंडी वाजते का, आजी?”

“नाय,” काकू स्वेटरची वरची गुंडी लावत म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पवारकाकूंना बाहेर बसायला सांगितलं आणि माझ्याकडे वळल्या. “तू सांग. काय काय पाहिलंस?”

मी आयुष्यात इतकं सलग कधी बोलले नव्हते. मी स्वेटर सांगितला, आवाज सांगितला, सिलिंडरवाला सांगितला. खुर्चीतली झोप, केळी कशासाठी ते, विसरलेलं दूध, तंग झालेल्या चपला, फणीत येणारे केस. आणि शेवटी, खाली बघत, भुवया. मी थांबले तेव्हा काकू माझ्याकडे बघत होत्या. सावकाश त्यांचं तोंड उघडलं.

“पाचशे... तू गप बसून हेच बघत व्हतीस व्हय?”

डॉक्टरबाई हसल्या, पण नाडीवरचा हात त्यांनी काढला नाही. नाडीही सावकाश चालली होती. त्या म्हणाल्या, “म्हाताऱ्या माणसात हा आजार लपून बसतो. थकवा आला, वय झालं. विसरलं, वय झालं. पोट साफ नाही, थंडी वाजते, वय झालं. तरुणपणी जी लक्षणं ठळक दिसतात ती इथे अर्धवट दिसतात, कधी एखादंच दिसतं. प्रत्येक सुस्त म्हातारं माणूस म्हणजे थायरॉइड असंही नाही. म्हणून अंदाज नको. रक्त तपासू.”

रिपोर्ट आला त्यात टीएसएच नावाचा आकडा खूपच वर होता. काकूंना ते पटेना. “आकडा जास्त हाय म्हणता, अन् गळ्यातलं काम कमी पडलं म्हणता. कामून?”

“असं बघा, आजी. तुमच्या गळ्यात एक ग्रंथी आहे, ती सगळ्या शरीराला वेग देते. ती सुस्त पडली की वरून, डोक्यातून, तिला हाका जातात. ती उठत नाही, म्हणून हाका वाढत जातात. हा आकडा त्या हाकांचा.”

काकूंच्या चेहऱ्यावर, कित्येक महिन्यांनी, लगेच उजेड पडला. दारापलीकडे बसलेल्या पवारकाकूंकडे बोट करून त्या म्हणाल्या, “म्हंजी ती हिच्यावाणी हाय.”

गोळी छोटीशी. वय आणि हृदय बघून डॉक्टरबाईंनी अगदी कमी मात्रेने सुरू केली, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून वाढवायची असं ठरलं. आयुष्यभर घ्यावी लागेल, असंही सांगितलं. त्याचं काकूंना काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. गोळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही.

“पाऊण तास!” त्या म्हणाल्या. “मंग उठायचंच कशाला?”

काकूंची आधीपासूनची कॅल्शियमची गोळी होती, ती या गोळीपासून लांब, दुपारवर ढकलली. संतोषदादाला पवारकाकूंनी फोन करून सगळं ऐकवलं. तो म्हणाला, “एका गोळीनं असं काय होणार? दसऱ्यापर्यंत बघतो. नाहीतर भाडेकरू तयार आहेत.” म्हणजे मुदत दसऱ्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली फरक बघायला आली. काकू स्वेटर घालून घड्याळासमोर बसल्या होत्या, चहाची वाट बघत. दहा दिवसांनीही तेच. एकदा वैतागून एकदम दोन गोळ्या घ्यायला निघाल्या होत्या, तेव्हा मी मोठ्याने ‘नाही’ म्हणाले. आमच्या दोघींनाही त्याचा धक्का बसला. हृदयावर ताण येतो, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. मग मी रोज कामाला जाताना गोळ्यांची पाकिटं मोजायला लागले.

फरक पहिल्यांदा कळला तो पवारकाकूंना. त्या रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन सांगायच्या.

“आज सकाळचं उत्तर रात्रीच्या जेवणाआधी आलं.”

आठवड्याने: “दुपारच्या चहाला आलं.”

ऑगस्टच्या शेवटी दुसरा रिपोर्ट आला, मात्रा थोडी वाढली. स्वेटर आधी गुडघ्यावर आला, मग दोरीवर, मग दिसेनासा झाला. गुरुवारी सल्ला मागायला आलेल्या बाईला काकू म्हणाल्या, “मला काय इचारती? तुह्या सुनेला इचार की!” ओटा आपोआप रिकामा झाला. आणि सप्टेंबरमध्ये एका सकाळी पवारकाकू म्हणाल्या, “काही लोक औषधावर चालतात...” तोच पलीकडून आलं, “अन् काही लोक औषधावर बी चालत नायत!” पवारकाकू पदराने डोळे पुसत आमच्याकडे आल्या. “वाक्य पुरं करू दिलं नाही हो मला!”

पण पाटी फाटकावर तशीच होती. संतोषदादा रविवारी यायचा, आई बरी दिसते म्हणायचा आणि पाटीकडे न बघता जायचा. दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी काकूंनी त्याला फोन केला. मी ऐकलं. त्या एवढंच म्हणाल्या, “रविवारी टेम्पो घिऊन ये.”

ही बातमी तासाभरात गल्लीभर झाली. काकू चालल्या. इतकं करून चालल्या. पवारकाकूंनी फाटक लावून घेतलं आणि दोन दिवस काही बोलल्याच नाहीत. आईचे डोळे भरून आले. मी गच्चीवर जाऊन टाकीला टेकून बसले.

रविवारी सकाळी टेम्पो आला. संतोषदादा उतरला आणि आत गेला, आणि थोड्या वेळाने एक व्यायामाचा बाक बाहेर आला. मग एक कॅरम, फिशटँक, डिप्लोमाच्या पुस्तकांची तीन खोकी, लग्नात आलेले आणि कधीच न उघडलेले सहा डिनर सेट, वहिनींची व्यायामाची सायकल. आम्ही बघत राहिलो. काकूंचं म्हणून काहीच येत नव्हतं.

“आई, तुझं सामान कुठंय?”

“महं सामान घरात हाय. हे तुहं. पंधरा वर्सं मही मागची खोली अडवून बसलंय.”

“अगं, पण टेम्पो तर तू—”

“टेम्पोबिगर एवढं जाईल व्हय? तुह्या स्कूटरवर फिशटँक बसतो का?”

संतोषदादाने आजूबाजूला बघितलं. फाटकाफाटकांत माणसं उभी होती. तो हळू आवाजात म्हणाला, “आई, तू विसरायला लागली होतीस...”

“इसरले व्हते. आता आठवायलंय. सांगू? सूनबाईचा वाढदिवस, तुह्या गाडीचा नंबर, सिलिंडर कधी लावला त्याची तारीख. नववीत गणितात तुला किती पडले ते बी सांगू का, एवढी माणसं जमलीत तर?”

“नको,” संतोषदादा म्हणाला.

काकूंनी ब्लाऊजमधून घडी घातलेला नवा रिपोर्ट काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो उभ्या उभ्या वाचला, दोनदा. मग चेहरा बदलला. तो हसला नाही, पण इतक्या दिवसांची त्याच्या खांद्यावरची कसलीतरी जड वस्तू खाली ठेवल्यासारखा दिसला. “मला कुणी सांगितलंच नाही गं असं काही असतं,” तो म्हणाला. “मला वाटलं, तू चाललीस.”

“मी कुठं जायलेय? पाटी काढ.”

त्याने पाटी काढली. खिळा काकूंनी उलथन्याने स्वतः उपटला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी नव्या नोकरीसाठी पुण्याला आले. निघताना काकू पाहुण्यांकडे गेल्या होत्या, त्यामुळे भेट झाली नाही, आणि त्या रविवारची दुपारच माझ्याकडे राहिली.

टेम्पो निघाला तेव्हा मी गच्चीवर होते. संतोषदादा पुढे, फिशटँक मांडीवर घेऊन. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळला आणि मोठ्या रस्त्याला लागला. काकू फाटक धरून उभ्या होत्या. घर राहिलं होतं, पाटी गेली होती, माणसं आपापल्या घरात परतली होती, आणि त्या हलत नव्हत्या. मला एक क्षण भीती वाटली. तेवढ्यात त्यांनी कपाळावर हात मारला.

“पोरगं जेवलं नाय!”

त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या, एका हातात धपाट्यांचा डबा, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या, आणि पळत सुटल्या. चप्पल नाही. एकाहत्तर वर्षांची बाई रस्त्याच्या मधून, मागच्या रिक्षाला ओरडून थांबवत, डबा डोक्यावर उंच धरून पळत होती आणि मुलाचं नाव घेत होती. डिनर सेट लादलेला टेम्पो लांब, चौकाच्या अलीकडे दिसत होता. मी कठड्यावर वाकून बघत राहिले. मग टेम्पोचे ब्रेकचे लाल दिवे लागले.